चादरीबाहेरचं

आबा, तुमच्या निगेटिव्ह आता फोनवर उघडतात. हे ऐकून तुम्ही आधी चष्मा पुसला असता आणि मग माझ्याकडं तसंच पाहिलं असतं, जसं 'फोटोत मला जरा गोरं करा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडं पाहायचात. पण खरंच उघडतात. स्टुडिओच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यांत इतकी वर्षं पडून असलेल्या त्या निगेटिव्ह इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयानं मागून घेतल्या, एकेक करून मशीनवर उतरवल्या, आणि आता त्या कुणीही, कुठूनही, फुकट पाहू शकतं. या कामाला त्यांनी बोलावलं ते तुमच्या सुनेला, तुमच्या मुलाला नाही. तो फ्लेक्स छापतो, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस इतके असतात की त्याला मान वर करायला फुरसत नाही. थट्टा सोडा, रोज सकाळी तोच मला कॉलेजच्या फाटकाशी सोडून जातो. हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. तरी लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि ती पुरती समजेल असं माणूस म्हणून मला तुमच्याशिवाय कुणी आठवेना.

तुमची डार्करूम म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचाच एक तुकडा होता, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या मोरीला दार बसवून, दारावर गोधडी ठोकून तुम्ही अंधार केलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत होती, वारा सुटला की सगळं नंदुरबार शिंकायचं, आणि फोटोला बसलेलं गिऱ्हाईक तर नेमकं तुम्ही बटण दाबताना शिंकायचं. कामं तुंबली तेव्हा तुम्ही एक दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलात आणि सासूबाईंना विचारलंत, "सून रिकामी शे का घडीभर?" मी पदर घेऊन, खाली मान घालून तुमच्या मागं त्या मोरीत शिरले. सासऱ्यासमोर डोकं उघडं टाकायचं नाही हे आईनं इतकं पढवलं होतं की मी अंधारातही पदर सोडला नाही. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये बुडवायला वाकले, तर कागदाच्या आधी पदर बुडाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "माय, आठे अंधारमा तुले कोन दखी ऱ्हायना? मीबी नही दखस. पदर खोची ले, तो दवाई पी ऱ्हायना." बाहेर सासूबाईंनी ते ऐकलं आणि तवा आपटत म्हणाल्या, "हाऊ माणूस सूनले बिघाडी टाकी."

बिघडवलंतच तुम्ही. पुढच्या बाजाराला शिंप्याकडून काळ्या जाड कापडाचा एक अ‍ॅप्रन शिवून आणलात, पदर आत दाबून बसेल असा. सणाला सुनेला साडी घेतात, मला अ‍ॅप्रन मिळाला. माहेरी दाखवला तर आई बराच वेळ तो उलटासुलटा करून पाहत बसली आणि शेवटी म्हणाली, "बरं आहे, काम तरी शिकवतात." त्या काळातल्या साड्या केव्हाच विरल्या, अ‍ॅप्रन अजून आहे. कॉलेजात मशीनपुढं बसताना मी तोच घालते, कारण साडीचा एखादा धागा जरी काचेवर पडला तरी तो फोटोत दोराएवढा दिसतो. तिथली पोरं आधी हसली, आता कुणी हसत नाही.

रागावलात मात्र एकदाच. निगेटिव्हची एक पट्टी कागदाच्या पाकिटात बसत नव्हती, म्हणून मी तिची कड कात्रीनं कापायला घेतली. तुम्ही माझ्या हातून कात्री अक्षरशः ओढून घेतलीत. "कागद काप. कागद हजारदा काप. हाई कापशी तं परत कोठून आणशी?" एवढंच बोललात आणि दिवसभर पुन्हा तोंड उघडलं नाहीत. मी भांडी घासता घासता रडले. संध्याकाळी तुम्ही कोपऱ्यावरून तिखट शेव घेऊन आलात आणि सासूबाईंपुढं पुडा ठेवून म्हणालात, "सूनले शेवनी भाजी आवडस ना?" तुमची माफी मागायची ती रीत होती. माझ्या नवऱ्यानं ती उचलली नाही, तो सरळ 'सॉरी' म्हणतो, आणि त्यात काही मजा नाही.

कागदाच्या बाबतीत मात्र तुम्ही कसाई होतात. कार्डासाठी फोटो काढायचे तर एका निगेटिव्हवर एकच माणूस घेणं तुम्हाला उधळपट्टी वाटायची. चारसहा जणांना फळीवर ओळीनं बसवायचं, मागं पांढरी चादर, एकच बटण, की झालं. मग डार्करूममध्ये ती ओळ मोठी करून कागदावर घ्यायची आणि एकेक तोंड कापून वेगळं करायचं. कापायचं काम माझं. पहिल्यांदा मी विचारलं, कडेनं किती ठेवू, तर तुम्ही म्हणालात, "चादरना बाहेर जे शे ते कचरा शे, माय. बिनधास्त काप." आणि मी कापत गेले. झाडाची फांदी, बैलाचं शेपूट, मध्येच घुसलेल्या पोराचं कोपर, सगळं कात्रीखाली जाऊन सुपात पडायचं आणि दुसऱ्या दिवशी चुलीत. इतकी वर्षं कापलं की चादरीची कड कुठं आहे ते माझ्या बोटांना न बघता कळायचं.

तुम्ही मला नर्मदेवर नेलंत ती खेप आठवते? धरणाच्या पाण्यापायी काठावरची गावं उठणार होती, पुनर्वसनाच्या कार्डांना घरधन्याचे फोटो हवे होते. ज्या घरात बाईच कर्ती तिथं बाईचा फोटो लागणार होता, आणि त्या बायका परक्या माणसापुढं लाजतील म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. मोलगीच्या पुढं जीपनं हाडं खिळखिळी केली, मग होडी. मणिबेलीच्या अंगाचं एक गाव होतं, उतारावर विखुरलेली कुडाची घरं, खाली पाणी. तिथल्या बायका आम्हा सपाटीवरच्यांपेक्षा कितीतरी धीट निघाल्या. त्या तुमच्या कॅमेऱ्यात वाकून बघत होत्या, आपसांत त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलून खिदळत होत्या, आणि पदर पुढं ओढून तोंड लपवणारी त्या अख्ख्या गावात मी एकटी होते. नदीवरून वारा असा सुटला होता की चादर कशालाच बांधून राहीना. शेवटी तुम्ही बायकांनाच दोन बाजूंनी ती धरायला उभं केलंत. पुरुषांची एक ओळ उठायची, दुसरी बसायची, आणि चादर धरणाऱ्या बायकाही आळीपाळीनं बदलत राहायच्या. त्यांतल्या एकीचं टोक सारखं खाली यायचं. तुम्ही ओरडायचात, "वर धर माय, वर!" ती हसायची, वर करायची, आणि तुम्ही कॅमेऱ्यात डोकं घातलंत की पुन्हा खाली. परत येताना होडीत तुम्ही कपाळ चोळत म्हणालात, "एक बाईनी मन्हं डोकं उठाडी दिधं. चादर धराले सांगं, तं ती हसत बठनी." मला हसू आलं होतं, ते मी पदरात लपवलं.

आता कॉलेजातलं सांगते. तिथं माझ्याबरोबर धानोऱ्याची एक मुलगी आहे, कॉम्प्युटर शिकलेली. साहेब लोकांपुढं ती शुद्ध बोलते आणि आम्ही दोघीच असलो की गावचं. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं की मशीनमधून जो मूळ फोटो निघतो त्याला कुणी हात लावायचा नाही. तो फार मोठा, फार जड, तो जपून ठेवायचा. लोकांना दाखवायची ती त्याची हलकी नक्कल, आणि जी काय कापाकापी, पुसापुशी करायची ती नकलेवर. मला हसू फुटलं. तिला वाटलं मावशीला काही कळलं नाही. मी तिला तुमची कात्रीची गोष्ट सांगितली, तेव्हा तीही हसली.

हलकी नक्कल कशाला, तर फोन उघडतात ती माणसं डोंगरात आहेत. तिकडं नेटवर्क म्हणजे कधी आहे, कधी नाही. जड फोटो उघडायला लागला की नुसतं गोल गोल फिरत राहतं, माणूस वाट बघतं, कंटाळतं आणि फोन खिशात घालतं. मग आम्ही तो दिवस दिवस खपून उतरवला काय आणि न उतरवला काय, त्याच्या दृष्टीनं सारखंच. म्हणून फोटो लहान करायचा, मग दाबायचा. दाबायचा म्हणजे जे डोळ्याला चटकन जाणवणार नाही ते काढून टाकायचं. हे सगळं प्रोग्राम करतो, पण किती दाबायचं ते आपण सांगायचं. जास्त दाबलं तर उजेडातली तोंडं टिकतात आणि सावलीतली तोंडं भिजलेल्या पिठासारखी होतात. तुम्ही असतात तर या कामात रमला असतात, आणि त्या मुलीचं डोकंही खाल्लं असतंत.

कार्डाच्या फोटोंचा गठ्ठा आला तेव्हा मी शहाणपण केलं. मी तिला म्हटलं, "या ओळींमध्ये चादरीबाहेरचं सगळं कापून टाक. तो कचरा आहे. फाईलही हलकी होईल." स्टुडिओत आयुष्य गेलेल्या बाईनं सांगितलं म्हटल्यावर तिनं मान डोलावली. पांढरी चादर कशी शोधायची ते तिनं प्रोग्रामला शिकवलं, आणि माझ्या कात्रीला जे करायला वर्षं लागली ते त्यानं चहा होईपर्यंत केलं. फोटो खरंच हलके झाले. डोंगरात पटकन उघडायला लागले. नदीकाठाहून उठून सपाटीवर वसलेल्या वसाहतींमधून निरोप यायला लागले, हा माझा आजा, हा माझा मामा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. धंद्याची अक्कल कामी आली असं मी घरी दोनतीनदा बोलून दाखवलं, तेव्हा तुमचा मुलगा म्हणाला, "आता पुरे."

मग एक दिवस एक बाई आली. खापर गावाच्या पुढं एका वसाहतीत राहते, अंगणवाडीत काम करते. आश्रमशाळेत शिकलेली, तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. तिनं फोन काढला, तुमचा एक फोटो उघडला आणि ओळीतल्या एका माणसावर बोट ठेवून म्हणाली, "हे माझे वडील." मी म्हटलं, वा, छान. ती म्हणाली, "यांच्या मागं पांढरं कापड आहे. ते कुणीतरी धरलेलं असेल ना?" मी फोनवर वाकले. ती म्हणाली, "आत्या सांगते, त्या दिवशी माझ्या आईनं धरलं होतं."

तिची आई वसाहतीत आल्यावर लवकरच तापानं गेली होती. ही तेव्हा एवढीशी. आईचा फोटो नाही, कारण कार्डावर बापाचा होता आणि दुसरा फोटो कोण कशाला काढतंय. आईचं तोंड तिला आठवत नाही. वडीलही गेले. आईला ओळखणारं एकच माणूस उरलंय, ती आत्या, आणि आत्या आता खाटेवरून उठत नाही, नंदुरबारला येणं तर दूरच. "आत्या आहे तोवर मला तिच्याकडून एकदा कळलं पाहिजे, आई कोणती ते," ती म्हणाली. मागणं एवढंच होतं, आणि ते मीच कापून टाकलं होतं.

आम्ही मूळ फोटो उघडले.  चादरीच्या दोन्ही बाजूंना बायका होत्या. कुणाचे नुसते हात, कुणाचं अर्धं डोकं, कुणी वाऱ्यानं डोळे मिटलेले, कुणाच्या पायाला पोर बिलगलेलं. त्यांच्या मागं घरं, घरांच्या मागं उतार, खाली नदी. आता तिथं फक्त पाणी आहे. ते गाव कुठं उरलं असेल तर ते चादरीबाहेर. आणि तुम्ही निगेटिव्हची कड कधी कापू दिली नाहीत म्हणून उरलं. तुम्ही निगेटिव्ह धुवायचातही किती. पाण्याची एवढी टंचाई, सासूबाई हंड्यावरून तुमच्याशी भांडायच्या, आणि तुम्ही म्हणायचात, अजून एक पाणी. त्या जादा पाण्यामुळंच त्या आज डागाशिवाय स्वच्छ आहेत. मी त्या खुर्चीत बसून मनातल्या मनात तुमच्या पाया पडले. पण त्या बाईला आई सापडली नाही. तिनं एकेका बाईकडं नीट पाहिलं, मोठं करून पाहिलं, आणि शेवटी म्हणाली, "मला ओळखता येत नाही." ती रडली नाही. फोन पिशवीत ठेवला, पाणी प्यायली आणि बसस्टँडकडं निघाली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, फोटो तिला पाठवून द्यायचे. पाठवले की. पण फोनवर पाठवतानाही ते वाटेत दाबले जातात, आणि सावलीतल्या बायकांच्या तोंडांचं पीठ झालं. मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन मीच आत्याकडं जाते. हे तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "या ना, जरूर या. पण फक्त मलाच नको. आमच्या वसाहतीत सगळ्यांच्याच आया कापडाबाहेर आहेत." 

मग धानोऱ्याच्या त्या मुलीनं डोकं लावलं. दोन दिवस ती कॉम्प्युटरपुढून उठलीच नाही, तिसऱ्या दिवशी खुर्ची माझ्याकडं वळवून म्हणाली, "मावशी, कापूत. पन फेकानं नही." तिनं समजावलं ते असं. एकच फोटो लहान, मध्यम, मोठा, अजून मोठा असा करून ठेवायचा, आणि प्रत्येकाचे छोटे छोटे चौकोन करायचे. फोनवर आधी लहान फोटो येतो, तो लगेच उघडतो. मग माणूस जिथं बोट ठेवेल तेवढेच मोठे चौकोन फोन मागून घेतो, बाकीचे इथंच राहतात. जेवणाऱ्याच्या ताटात सगळी भाकरी एकदम न वाढता तुकडा तुकडा मोडून देत राहावं, तसं. काही फेकावं लागत नाही आणि फोनलाही ओझं होत नाही. आम्ही तो सगळा गठ्ठा पहिल्यापासून पुन्हा केला, न कापता. आणि सावलीतल्या चौकोनांसाठी मी हट्ट धरला की तिथं दाबायचं कमी. ते प्रोग्रामवर न सोडता मी एकेका बाईपाशी थांबून पाहत होते, हिचं नाक राहिलं का, हिचे डोळे राहिले का. कामाला वेळ लागला. अधूनमधून त्या अंगणवाडीच्या बाईचा फोन यायचा. ती घाई करायची नाही, आत्या कशी आहे एवढंच सांगायची. एकदा म्हणाली, आत्यानं दोन दिवस भाकरी खाल्ली नाही. त्या दिवशी धानोऱ्याची मुलगी डबा न उघडताच कामाला बसली.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी वसाहतीत गेलो. लॅपटॉप नेला नाही. मला बघायचं होतं, त्यांच्या फोनवर, त्यांच्या नेटवर्कवर होतंय का. दुपारची वेळ. आत्याची खाट घराबाहेर निंबाखाली काढली होती, शेजारच्या बायका येऊन बसल्या. त्या बाईनं फोटो उघडला आणि फोन आत्याच्या तळहातावर ठेवला. आधी धूसर आलं, मग पुरुषांची ओळ, मग चादर, मग कडेच्या बायका. आत्याच्या बोटाला फोनची सवय नव्हती, ते भलतीकडंच टेकायचं, आणि जिथं टेकेल तिथलं मोठं होऊन वर यायचं. एकदा नदी आली. एकदा कुणाचं तरी घर आलं, तेव्हा आत्या बराच वेळ तिथंच थांबली आणि कुणी तिला पुढं ढकललं नाही. मग ती बायकांकडं वळली. ही अमक्याची बायको, ही त्या पुजाऱ्याची बहीण, असं पावरीत सांगत गेली, आणि ज्यांच्या त्या होत्या त्या बायका उठून तिच्या खांद्यावरून वाकत होत्या. एक फोटो झाला, दुसरा झाला. तुमची सून निंबाखाली बसून सारखी नेटवर्कच्या काड्या मोजत होती.

पुढच्या एका फोटोत आत्या थांबली आणि हसायला लागली. दात नसलेलं, खोकला येईपर्यंतचं हसू. काहीतरी बोलली. पुतणीनं मराठीत सांगितलं, "आत्या म्हणते, हीच. हिच्या हातात काहीही दिलं की एक टोक खालीच. पाण्याचा हंडासुद्धा तिरका आणायची." मी वाकून पाहिलं. डाव्या बाजूला चादर इतकी ओघळली होती की तिच्यामागं उभी असलेली बाई छातीपर्यंत दिसत होती, पूर्ण तोंड, वाऱ्यानं उडालेले केस, आणि ती हसत होती. बाकीच्या बायकांनी चादर सरळ धरली म्हणून त्या निम्म्या झाकल्या गेल्या. ही नीट धरू शकली नाही म्हणून ही अख्खी आली.

लेकीनं फोन हातात घेतला. बोटानं आईचं तोंड मोठं केलं, ते आधी धूसर झालं आणि मग हळूहळू स्वच्छ झालं. मला वाटलं आता ही रडेल. ती म्हणाली, "किती लहान आहे ही. माझ्या मुलीएवढी असेल." आणि मग शेजारणीकडून पाणी मागून घेतलं. आबा, सांगायला लाज कसली, रडले ती मी. धानोऱ्याची मुलगी माझ्या पाठीवर थापट्या मारत होती आणि स्वतः दुसरीकडं बघत होती. मला त्या वेळी तुमची फार आठवण झाली. मोरीतून मला बाहेर न काढता आत घेणारे तुम्ही, तुमचं जास्तीचं पाणी, तुमचा राग. माझ्या हाताला जे काही येतं ते तुमचं आहे, हे मी तुम्ही असताना कधी बोलले नाही, कारण सासऱ्याशी असं कुणी बोलत नाही. आज बोलते. तुम्ही मला मोठं देणं दिलंत, आणि मी त्यात सुखी आहे.

निघताना ती बाई आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. फोन हातातच होता. जरा घुटमळली आणि तिनं विचारलं, "फोटो काढणाऱ्यांनी आईला मुद्दाम घेतलं असेल ना? तिचा फोटो नाही म्हणून?" होडीत कपाळ चोळणारे तुम्ही माझ्या डोळ्यांपुढं होतात, आणि तरी मी म्हटलं, "हो. मुद्दामच. ते तसेच होते." ती इतकी समाधानानं हसली, अगदी त्या फोटोतल्यासारखी, की मला ते मागं घेता आलं नाही, आणि घ्यायचंही नाही. एवढंच की, तिकडं तिच्या आईची आणि तुमची गाठ पडली आणि तिनं काही विचारलं, तर सांभाळून घ्या. आणि कृपा करून तिला 'वर धर' म्हणून ओरडू नका.